सप्ताहाचा साउंड लावताना: गुणगुण घालवा, अर्थिंग घालवू नका

लग्नाचा साउंड चार तासांत उतरतो. अखंड हरिनाम सप्ताहाचा तसा नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. एकदा ओढलेली वायर सात दिवस उन्हात, दवात, माणसांच्या पायाखाली पडून राहते, आणि तिच्या टोकाला महाराज अनवाणी उभे राहून दोन तास माइक हातात धरतात. तेव्हा आवाज चांगला हवा हे खरं, पण त्याआधी तो माइक हातात धरण्याजोगा हवा.

काही वर्षांपूर्वी एका गावात मी काकड्याला मदतीला गेलो होतो. साउंड दुसऱ्याने लावलेला होता. रात्री पाऊस झाल्यामुळे फरशी ओली होती. काकडा म्हणणारे आजोबा माइकजवळ तोंड न्यायचे आणि झटकन मागे सरकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "बाळा, ओठाला मुंग्या येत्यात." मल्टिमीटरची एक पिन माइकच्या जाळीला आणि दुसरी देवळाच्या लोखंडी नळाला लावली. काटा ११२ व्होल्टवर. मिक्सरचा प्लग काढून पाहिला तर वरची जाड पिन करवतीने कापलेली. आदल्या रात्री बॉक्समधून गुणगुण येत होती, पिन कापल्यावर ती थांबली, म्हणून तसंच ठेवलं होतं.

यात काय होतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. आजच्या बहुतेक मिक्सर-अँपच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीकडे छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यांतून पाझरणारा किंचित करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग तोडलं की बॉडी अधांतरी राहते आणि २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. माइकच्या वायरीची जाळी, म्हणजे आतल्या तारांभोवती विणलेलं धातूचं आवरण, मिक्सरच्या बॉडीला जोडलेली असते, म्हणून तेच व्होल्ट माइकच्या धातूवर येतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्याच मशिनच्या आत एखादी वायर बॉडीला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट माइकवर येतात. अर्थिंग नसल्याने फ्यूज जात नाही, एमसीबीही पडत नाही. करंटला जायला एकच वाट उरते, आणि ती माइक धरलेल्या हातातून ओल्या फरशीकडे जाते.

म्हणून पहिला नियम: गुणगुण कितीही येऊ दे, मशिनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायची नाही, टू-पिन होल्डर लावायचा नाही. गुणगुण घालवायच्या सगळ्या वाटा सिग्नलच्या वायरीत आहेत. त्या पुढे सांगतो.

आदल्या दिवशी देवळात

साउंडची गाडी यायच्या आदल्या दिवशी गावच्या वायरमनला सोबत घेऊन देवळात जा. ज्या बोर्डवरून लाइन घ्यायची तिथे तीन रीडिंग घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा दाखवत असेल तर न्यूट्रल ढिला आहे किंवा अर्थिंग नावापुरतं आहे. फक्त मीटरवर विसंबू नका, कारण तुटलेल्या अर्थिंगवरही डिजिटल मीटर खोटे व्होल्ट दाखवतो. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर बल्ब लावताच तो पडेल. तोही अर्थिंग असल्याचाच पुरावा.

चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवडाभर आधीपासून त्यात रोज दोन बादल्या पाणी घालायला कुणालातरी सांगून ठेवा. खड्डाच सापडत नसेल, तर नवीन अर्थ रॉड ठोकून घेण्याचा खर्च सप्ताह समितीकडे मोकळेपणी मागा. एका जेवणाच्या पंगतीपेक्षा तो खर्च मोठा नसतो.

दुसरी मागणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची. लोक म्हणतात, "एमसीबी आहे की." एमसीबी वायर जळू देत नाही, माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडणारा आरसीसीबी हाच माणसासाठी असतो. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का ते तिथेच बघा.

एकच बोर्ड, एकच फेज

गुणगुणीचं सगळ्यात मोठं कारण हे: अँप देवळाच्या मीटरवर, मिक्सर मंडपाच्या मागच्या घरातून घेतलेल्या लाइनवर. दोन ठिकाणची अर्थिंग वेगळी, त्यांच्यात थोडा व्होल्टचा फरक असतोच. मिक्सर ते अँप लीड जोडली की तिची जाळी या दोन अर्थिंगमधला पूल बनते आणि तिच्यातून ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो. बॉक्समध्ये जो 'हूं' ऐकू येतो तो हाच. याला अर्थ लूप म्हणतात.

इलाज सोपा आहे. २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तीन कोअर वायर घेऊन एक मुख्य बोर्ड बनवा आणि मिक्सर, अँप, वायरलेस रिसीव्हर, लॅपटॉप सगळं त्याच बोर्डवरून घ्या. मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर अँपच्या बोर्डवरून तिथपर्यंत पॉवरची वेगळी वायर ओढा. तीस-चाळीस मीटर जास्त वायर लागते, पण सात दिवसांची डोकेदुखी वाचते. २००० वॉटचा लोड म्हणजे पावणेनऊ अँपिअर. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच घ्या, घरगुती पातळ एक्स्टेन्शनवर नाही. रीळवाली एक्स्टेन्शन असेल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते आणि आतलं इन्शुलेशन वितळतं.

देवळात थ्री-फेज असेल तर साउंड एका फेजवर आणि लाइटिंग, हॅलोजन, पंगतीची मोटर दुसऱ्या फेजवर ठेवा. मुख्य न्यूट्रलचा जोड वायरमनकडून आवळून घ्या. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर कमी लोडच्या फेजवर ४०० च्या जवळ व्होल्ट येऊ शकतात आणि एका सेकंदात मिक्सर, रिसीव्हर, चार्जर सगळं जळतं. साउंडवाल्याचं वर्षभराचं उत्पन्न असं एका ढिल्या स्क्रूपायी जाताना मी पाहिलंय.

जनरेटरलाही अर्थ रॉड हवा. तो चालू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, व्होल्ट मोजा, मगच लोड टाका. लाइन आणि जनरेटर यांची अदलाबदल चेंजओव्हर स्विचनेच करायची, दोन्हीकडे पिना असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून कधीच नाही. डिजिटल मिक्सर आणि रिसीव्हरसाठी छोटा यूपीएस ठेवा, म्हणजे लाइन गेली तरी कीर्तन परत सुरू करताना मिक्सर चालू व्हायची वाट पाहावी लागत नाही.

वायर ओढताना

पॉवरच्या वायरी मंडपाच्या एका बाजूने, माइकच्या दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने न्यायच्याच असतील तर त्यांच्यात किमान फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडताना काटकोनात ओलांडा. समांतर गुंडाळून टेप मारलेल्या वायरी दिसायला नीटनेटक्या दिसतात, पण पॉवरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या वायरीत पूर्ण लांबीभर शिरतं. उरलेली माइकची लीड अँपवर किंवा स्टॅबिलायझरवर वेटोळं करून ठेवू नका.

टाळकरी पावली खेळतात तो भाग मोकळा ठेवा. तिथून वायर न्यायलाच लागली तर ती सतरंजीखालून न्या आणि दोन्ही कडांना टेप लावा. पॉवरचा एकही जोड जमिनीवर नको. विटेवर किंवा स्टूलवर ठेवा, वरून प्लास्टिक बांधा, पण खालून हवा खेळू द्या.

कुठली पिन कुठे

माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर लीड वापरा. तिच्यात १ नंबरला जाळी आणि २ व ३ नंबरला सिग्नलच्या दोन तारा असतात. दोन्ही तारांत सिग्नल एकमेकांच्या उलट असतो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींत सारखाच शिरतो. मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, तेव्हा सिग्नल उरतो आणि गोंगाट वजा होतो. म्हणून पन्नास मीटरची बॅलन्स्ड लीडही शांत राहते. एका तारेची पी-३८ (पाव इंची जॅक) पिनवाली लीड मात्र सहा मीटरपलीकडे गेली की गुणगुणायला लागते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कीबोर्ड आणि लॅपटॉप हे तिन्ही अनबॅलन्स्ड, म्हणजे एका सिग्नल तारेचे. त्यांना डीआय बॉक्समधून (एका तारेचा सिग्नल बॅलन्स्ड करणाऱ्या डबीतून) घ्या. वस्तूजवळ डीआय, तिथून एक्सएलआर लीडने मिक्सरच्या माइक इनपुटला. आत ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय घेतलात तर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या होतात. त्याच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की सिग्नलची जाळी सुटते आणि लूप तुटतो. इथे सिग्नलची जाळी तोडायला हरकत नाही, कारण मशिनची पॉवरची अर्थिंग जागेवरच राहते. करवतीने पिन कापणाऱ्याला हवा होता तो परिणाम या बटणाने सुरक्षितपणे मिळतो.

लॅपटॉपवरून अभंग लावताना एक गंमतशीर दोष सापडतो: वाद्यं ऐकू येतात, गायकाचा आवाज गायब. तीन कड्यांची स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली की मिक्सर डाव्या-उजव्याचा फरक घेतो आणि मधोमध असलेला आवाज वजा होऊन जातो. त्यासाठी स्टिरिओ पिनमधून दोन मोनो पी-३८ निघणारी लीड वापरा आणि दोन चॅनेल घ्या.

लीड स्वतः बनवत असाल तर डाग (सोल्डरचा जोड) चकचकीत बसला पाहिजे. राखाडी, दाणेदार डाग म्हणजे तो नुसता चिकटलाय, धरलेला नाही. तो तिसऱ्या दिवशी खरखर करणारच.

बॉक्स आणि कर्णे

माइकची शिल्डेड लीड बॉक्सला कधीही लावू नका. आतली तार केसाएवढी असते. ती तापते आणि शॉर्ट होऊन अँपचं आउटपुट घेऊन जाते. बॉक्ससाठी जाड दोन कोअर वायर आणि स्पीकॉन पिन. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम. अँपच्या मागे किमान ४ ओहम लिहिलं असेल तर तिसरा बॉक्स त्याच चॅनेलला टाकू नका.

कर्णे वेगळ्या पद्धतीने जोडतात. लांबच्या कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर. इथे ओहम मोजायचे नाहीत, वॉटची बेरीज करायची. ३० वॉटचे चार कर्णे म्हणजे १२० वॉट. अँप १६० चा ठेवा. या लाइनवर सिग्नल असताना उघड्या तारेला हात लावला तर चांगला झटका बसतो, म्हणून झाडावरचे जोड नागडे सोडू नका. आणि साधा ८ ओहमचा बॉक्स चुकूनही १०० व्होल्टच्या टर्मिनलला नको.

दोन बॉक्सच्या तारा उलटसुलट झाल्या तर पखवाजाची धुम मधोमध हरवते. शंका आली तर अँप सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर वायरीला टेकवा. सारख्या तारांना दोन्ही पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत.

चालू करण्याचा क्रम

आधी तानपुरा, लॅपटॉप, रिसीव्हर, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी अँप, तोही आवाज शून्यावर ठेवून. बंद करताना अँप सर्वांत आधी. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून लीडमधूनच माइकला जाणारी वीज) द्यायचं असेल तर चॅनेल म्यूट करून द्या आणि दहा सेकंद थांबून म्यूट काढा.

गेन (मिक्सर माइकचा सिग्नल किती वाढवतो ते) लावताना कुणालाही 'हॅलो हॅलो' म्हणायला लावू नका. महाराज टिपेला जाऊन अभंगाचं चरण म्हणतात त्या ताकदीने कुणीतरी म्हणायला हवं. त्या वेळी मीटर शून्याच्या आसपास आणि क्लिपचा लाल दिवा बंद, एवढा गेन. मिक्सरवर गेन कमी आणि अँप फुल, असं ठेवलंत तर बॉक्समधून सतत 'सुं' येत राहील.

गुणगुण आलीच तर

घाबरून एकदम चार वायरी उपसू नका. आधी कान लावा. खोल 'हूं' असेल तर बहुधा अर्थ लूप. टोकदार 'झर्र' असेल तर डिमर, एलईडी माळा किंवा तुटलेली जाळी. सतत 'सुं' म्हणजे गेन. लीड हलवल्यावर 'खर्र' म्हणजे सुटलेला डाग. टकटक असा ठेका येऊन थांबत असेल तर माइकच्या वायरीजवळ कुणाचा तरी मोबाइल आहे.

मग मिक्सरचा मास्टर खाली ओढा. आवाज तसाच राहिला तर दोष मिक्सरच्या पुढे आहे. अँपचा आवाज शून्य करा, इनपुटची लीड काढा, आवाज हळूहळू वर न्या. आता शांत असेल तर दोष मिक्सर ते अँप या लीडमध्ये. आधी दोन्ही मशिनं खरंच एकाच बोर्डवर आहेत का ते बघा. नव्वद टक्के वेळा कुणीतरी चार्जिंगसाठी मिक्सरची पिन काढून दुसऱ्या सॉकेटला लावलेली सापडेल. ते शक्यच नसेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा अँपच्या टोकाला १ नंबर पिनची जाळी सोडलेली खास लीड वापरा. तिला लाल टेप लावून ठेवा, कारण ती चुकून माइकला लागली तर फँटम चालणार नाही.

मास्टर खाली ओढल्यावर आवाज गेला तर दोष चॅनेलमध्ये आहे. एकेक चॅनेल म्यूट करत जा. दोषी सापडला की आधी लीड बदला, मग माइक. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर डीआय लावा आणि ग्राउंड लिफ्ट दाबा. अर्थिंग ठीक असल्याची खात्री झाल्यावर माइकच्या बॉडीला हात लावा. गुणगुण कमी-जास्त झाली तर त्या लीडची जाळी तुटलेली आहे.

'झर्र' साठी स्टेजची लाइटिंग मिनिटभर बंद करायला सांगा. एका सप्ताहात आम्ही दोन तास लीड बदलत बसलो होतो, आणि खरा दोष देवाच्या मखरातल्या एलईडी माळेच्या स्वस्त अॅडॉप्टरमध्ये निघाला. तो वीणेकऱ्याच्या माइकच्या वायरीवरच ठेवला होता. चार फूट सरकवला, संपलं.

वायरलेस माइक

रिसीव्हर अँपच्या रॅकमध्ये नको. महाराजांपासून सरळ नजरेत, डोक्याच्या उंचीवर ठेवा. माणसांचं शरीर लहरी शोषतं. रिकाम्या मंडपात चाललेला माइक टाळकरी उभे राहिल्यावर तुटतो तो म्हणूनच. सगळे माइक बंद ठेवून फ्रीक्वेन्सी स्कॅन करा, मग एकेक चालू करत शेजारच्यावर परिणाम होतो का बघा. वाय-फायच्या पट्ट्यात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माइक गर्दीतल्या हॉटस्पॉटमुळे अडखळतात. कीर्तनासाठी यूएचएफ बरे. प्रत्येक कीर्तनाला नवे सेल. आणि वायरचा एक माइक स्टँडवर चालू स्थितीत ठेवाच.

शिट्टी वाजत असेल तर बॉक्स माइकच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून आहेत का बघा, न लागणारे माइक बंद करा. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. महाराजांना नम्रपणे सांगा, "माउली, जाळीवर हात नको, खाली धरा." जाळी मुठीत आली की माइक सगळ्या बाजूंनी ऐकू लागतो.

रात्री दहा

लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. काकडा सहाच्या आत असतो, तेव्हा कर्ण्यांची लाइन अँपमधूनच सोडवून ठेवा. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयाच्या १०० मीटरच्या आत असाल तर नियम आणखी कडक आहेत. गावात कुणी आजारी असेल तर त्या बाजूचा कर्णा दिवसाही फिरवून ठेवा.

रोज पहाटे, काकड्याच्या अर्धा तास आधी, आरसीसीबीचं बटण दाबा, बोर्डाखालची ओल बघा, आणि माइकची जाळी ते अर्थ एकदा मोजा. शून्याच्या जवळ काटा दिसला की मगच आजोबांच्या हातात माइक द्या.

काल्यानंतर वायरी कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळवटते. मोकळ्या वेटोळ्यांत, एक सरळ आणि एक उलट वेटोळं घेत गुंडाळा. सात दिवसांत जी लीड एकदा जरी खरखरली असेल तिच्या टोकाला गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाका, आणि पुढच्या गावी जाण्याआधी तिचे दोन्ही डाग उघडून बघा.